आतोबांची रागाची पट्टी

जगात मोजता न येणारी गोष्ट देवानं घडवलेलीच नाही असं मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा निघाला. आतोबा ट्रेनिंग कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. रॉकेल रेशनवर मिळायचं त्या दिवसांत ते कर्जतला येऊन राहिले. लोक भात मोजतात, पाऊस मोजतात. आतोबा माणसाचा राग मोजायचे. त्यासाठी त्यांनी प्रश्नांची एक पट्टीच केली होती. "जेवायला उशीर झाला तर राग येतो? कधीच नाही, क्वचित, की नेहमी?" उत्तराला गुण, आणि गुण जास्त तो तापट! आम्ही हसायचो, पण ही नुसती हौस नव्हती. त्यांची थोरली बहीण एका जमदग्नीच्या घरात पडली आणि जन्मभर धाकात राहिली. "सुमनच्या बाबतीत मी अंदाजानं चालणार नाही," ते म्हणायचे. सुमन त्यांची एकुलती लेक, लग्नाची.

पट्टी आधी गावावर घासून पाहिली. काही दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. उत्तर तेच आलं तर पट्टी भरवशाची, असं त्यांचं शास्त्र. स्टेशनवरचा टांगेवाला पहिल्या खेपेला म्हणाला, "मला राग येतच नाय." दुसऱ्या खेपेला त्यानं टांगाच थांबवला. "अवो मास्तर, एकदा सांगितला ना राग येत नाय म्हनून! आता इचारलंत तर हितंच उतरवीन!" आणि खरंच उतरवलं. आतोबा रणरणत्या उन्हातून चालत घरी आले, ते खुशीत. "उत्तर तेच आलं रे!"

मग स्थळं आली. खालापूरचा मुलगा प्रत्येक प्रश्नाला "कधीच नाही" म्हणाला. आतोबा हरखले. पळसदरीच्या मुलानं मात्र घोळ घातला.

"भाजी अळणी असली तर राग येतो?"

"येतो की. मग उठून मीठ घेतो."

"ते मी विचारलं नाही," आतोबा म्हणाले, आणि मुलगा नापास.

खालापूरला होकार कळवायला निघाले तशी सुमन दारात आडवी आली. "बाबा, राग तर टांगेवाल्यालाही येत नव्हता! अहो, तो येतो सगळ्यांनाच. आल्यावर माणूस काय करतो, ते तुमची पट्टी विचारते कुठे?"

आतोबा मटकन खाली बसले. मग उठले आणि पळसदरीला गेले.

लग्नानंतर दिवाळीला सुमन माहेरी आली. आता आतोबा पट्टी काढणार म्हणून आम्ही धास्तावलो होतो. पण त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. दुपारी ती माजघरात निजली होती. स्वयंपाकघरात आत्याच्या हातून परात पडली, केवढा खणखणाट झाला! सुमननं नुसती कूस बदलली.

उंबऱ्यावर बसलेले आतोबा तिच्याकडे बघत हळूच म्हणाले, "ताई माहेरी आली तरी भांडं पडलं की दचकून उठून बसायची रे." त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे टिपले.

आत्या चहाला हाक मारायला आली, तर तिला हातानंच थोपवून म्हणाले, "राहू दे. निजू दे पोरीला."