समुद्रानं घासलेली काच

ताईला पांढुर्ण्याहून थेट रत्नागिरीला दिलं. भाऊजी तिथं बंदरावर नोकरीला होते. आमच्या घरात तोवर कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. फोन म्हणजे पोस्टात जाऊन ट्रंककॉल. तो कोण लावणार? मी अकरावीत होते. ती गेली आणि संध्याकाळी बोलायला कुणी उरलं नाही.

पहिल्या बाळंतपणाला ती आली, तेव्हा ट्रंकेतून एक रुमाल काढून तिनं माझ्या ओंजळीत सोडला. आत काचा. हिरव्या, तपकिरी, आणि एकच निळी. धार कुठंच नाही. वर पिठीसाखर भुरभुरल्यासारखं धुकं.

आई चुलीपासून उठून आली. "फुटकी काच घरात ठेवतेत का वो? फेक बाहीर!"

"हात तर लावून पाह्य, आई. कापत नाही," ताई म्हणाली.

आईनं भीतभीत बोट फिरवलं, मग निळा तुकडा गालाला लावला. "गार हाय," म्हणाली. फेकायचं राहूनच गेलं.

ताईनं सांगितलं, बाटली खडकावर फुटते, लाट तुकडे आत नेते. वाळूत, गोट्यांत ते वर्षानुवर्षं लोळतात. कोपरे झिजतात, खारं पाणी वरची चकाकी खातं. "ही निळी आपल्या आईच्या लग्नाच्याही आधीपासून पान्यात असन."

"तू रोज शोधायले जातं?"

"सासरी माह्या बोलन्याले हसतेत. मग किनाऱ्यावर जातो."

बाळाला घेऊन ती परत गेली. त्या उन्हाळ्यात मी सोड्याच्या बाटलीचा तुकडा घेऊन जाम नदीवर बसायची, सावरगावच्या बाजूच्या काळ्या दगडावर तो घासायची. काच आंधळी झाली, पण नुसते ओरखडे. ताईची काच उजेडात धरली की सुईच्या टोकाएवढे खळगे दिसायचे. ते मला जमले नाहीत. पण घासताना ताई जवळ असल्यासारखं वाटायचं.

दिवाळीनंतर आई आणि मी रत्नागिरीला गेलो. ताई बाळ कडेवर घेऊन वाळूत अनवाणी चालत होती. मला एक तुकडा सापडला. तिनं हातात घेऊन पाहिला.

"ही कालपरवाची आहे. धार बघ. टाक परत." तिनं स्वतःच तो लाटेत भिरकावला. "चल, भरती येतेय."

पूर्वी 'येऊन राहिली' म्हणाली असती ती. मी थबकले.

"ताई, तू इथल्यासारखी बोलून राहिली."

ती हसली. मग बाळाच्या डोक्यावरचं टोपडं उगाच नीट करत बसली. "आता कोनी हसत नाही," हळूच म्हणाली.

चार दिवसांनी आम्ही निघालो. एसटी गावाबाहेरचा चढ चढू लागली. समुद्र दोनदा झाडीतून दिसला आणि मग दिसेनासा झाला.

"खुश हाय न पोरगी?" आईनं विचारलं.

"हाय."

आईनं डोळे मिटले. मी मात्र कराडपर्यंत खिडकीबाहेर पाहत, ताईचं जुनं 'येऊन राहिली' मनाशी घोळवत राहिले.