सावकाश ऊठ

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या गेटवर एक वॉचमन होते. साठी उलटलेले, मालवणकडचे. सगळे त्यांना नुसतं काका म्हणत. प्रेशरच्या गोळ्या सुरू झाल्यापासून झटकन उठलं की त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. मग ते गेटचा गज धरून डोळे मिटून उभे राहायचे. तेवढ्यात बाहेरच्या गाडीचा हॉर्न पुन्हा वाजायचा.

“काका, जरा दमाने उठत जा ना,” एकदा मी म्हटलं.

ते हसले. “डॉक्टरपण सांगता, सावकाश ऊठ. पण हॉर्न वाजल्यार गेट कोण उघडतलो?”

मे महिन्यातल्या एका दुपारी हॉर्न वाजला, काका ताडकन उठले आणि गज हाताला लागायच्या आत कोसळले. डोकं लोखंडी चौकटीवर आपटलं. मी आणि इस्त्रीवाल्याने त्यांना रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं.

आठवड्याने मी वॉर्डात गेले. त्यांची एक बाजू लुळी पडली होती, बोलणंही गेलं होतं. मला पाहताच त्यांनी चांगल्या हाताने पलंगाची कड पकडली आणि घाईघाईने उठायला लागले. उशाशी बसलेल्या बायकोने त्यांना खांदे धरून पुन्हा निजवलं.

“कोणय इला की असाच करतत,” ती म्हणाली. “झाडूवाली इली तरी उठूक बघतत.”