बुजवलेलं उखळ

आमच्या वावरात खडकात कोरलेलं एक उखळ हाय. तांडा औंढा गावाच्या वरच्या अंगाला, वावर त्याच्या मागच्या उतारावर. माझ्या आजसासऱ्याच्या आईनं त्या उखळात भगर कांडलेली. तवा लोक एक उतार तीन वर्षं पेरायचे, मंग सोडून द्यायचे, दुसरीकडं झुडपं जाळून राखेत पेरायचे. जमिनीला इसावा मिळाला की फिरून परत तिथंच यायचे. मंग इंग्रजानं जंगलाचा कायदा केला, निजामानं त्याच्यावरून आपला केला, हद्दीचे दगड रोवले, आन् राखेत पेरणारा माणूस चोर झाला.

तवापासून घरात एकच शिकवण. जंगलखात्याची खाकी दिसली की चूल इझवायची, पेरा कळू नये म्हणून उखळात माती भरायची, वर काटे टाकायचे. मी लग्न होऊन आले तर सासूनं चुलीच्या आधी हेच दाखवलं.

आता नवा कायदा म्हणतो, तीन पिढ्यांचा पुरावा द्या, जमीन नावावर करू. आमच्याकडं कागद न्हाई, उखळ तेवढं हाय. चौकशीचे सायेब येणार म्हणून सासू म्हाताऱ्यांना बोलवायला गेली, मी लेकरू झोळीत टाकून वावरात एकटी. खालून गाडी वाजली, खाकी दिसली. दोन्ही हातांनी माती लोटली, दाबली, काटे टाकले, तवा कुठं दम घेतला. तर खाकीच्या मागून सायेबच उतरले.

सासू म्हाताऱ्यांना घेऊन आली. तिनं खडकाकडं पाहिलं, मंग माझ्याकडं. सायेबांनी विचारलं, पुरावा कुठं हाय. खाकीतला जंगलगार्ड हसून म्हणाला, हे तर फिरते लोक, आज इथं उद्या तिथं, यांची कसली जमीन.

माझं डोकंच फिरलं. लेकरू रडून राहिलं तरी मी काटे फेकले, नखांनी माती उकरली.

सायेब म्हणाले, "माती तर ताजी आहे. आत्ताच खोदलं का हे?"

"खोदलं न्हाई, बुजवलं. मीच बुजवलं, आत्ता."

"कशाला?"

"ह्या गार्डाच्या खाकीला भिऊन. चार पिढ्या बुजवत आलो. लपवायला तुमीच लावलं आन् आता तुमीच खुणा मागता. हात घाला सायेब. नवं उखळ इतकं गुळगुळीत असतंय का?"

त्यांनी बाही सारली. हात कोपरापर्यंत आत गेला. बराच वेळ आत फिरवला, मंग कारकुनाला म्हणाले, लिहा. काय लिहिलं ते आमाला दाखवलं न्हाई.

निकाल अजून न्हाई. मी रोज दिवसाढवळ्या तिथंच कांडते. काल खाली गाडी वाजली तर हात आपोआप मातीकडं गेला. माझाच मला राग आला. तसाच मागं घेतला, मुसळ उचललं, आन् खालपर्यंत ऐकू जाईल असं हाणलं.