गाय दोहून दाखव

दूध करपल्याचा वास आला की पोंभुर्ण्याची, आमच्या गावची, ती दुपार आठवते. आई जाऊन नऊ दिवस झाले होते आणि बाबा एक शब्द बोलले नव्हते. मी लॅपटॉपवर दोन बुद्धिबळ प्रोग्रामांचा सामना लावून नुसता बघत होतो. अशा सामन्यांच्या शौकिनांच्या आमच्या ऑनलाइन गटात एक म्हातारा अमेरिकन होता. नॉर्वेहून आलेल्या आपल्या आजोबांच्या मोडक्या इंग्रजीत तो विनोद लिहायचा. त्या दिवशी त्यानं लिहिलं होतं की संगणकाकडून हरलेला शेतकरी म्हणतो, बुद्धिबळ ठीक, आता गाय दोहून दाखव. तो विनोद मी बाबांना कॉलेजात कमावलेल्या शुद्ध मराठीत सांगितला. ते भिंतीकडेच बघत राहिले. घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, गावची बोली हट्टानं सोडलेली. तरी तिच्यातच पुन्हा सांगितला, "हारलो तं हारलो, पन त्याले म्हना, गाय दोहून दाखव!" बाबांचे ओठ हलले. हसतील असं वाटलं. "दोहन तो," ते म्हणाले, "पन दूध कोन तापवन?" मी उठून आईचं दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलं, आणि समोर उभा असूनही दूध खाली लागलं. बाबा ते करपट दूध सगळं प्यायले. आता दूध मीच तापवतो. अजून खाली लागतं, आणि बाबांशी मी शुद्ध बोलत नाही.