तारेची चौकट

सोलापुरात आमच्या शेजारी पोस्टातले एक कारकून राहत. त्यांच्याकडे हौशी रेडिओचा परवाना होता. बोलताना ते समोरच्याच्या खांद्यावर बोटानं तारयंत्रासारखी टकटक करत.

एकदा क्रिकेटचा सामना रंगात आलेला असताना गल्लीतल्या सगळ्या रेडिओंवर खरखर सुरू झाली. हे मागाच्या मोटरमुळंच होतंय असं धरून लोक चिडून यंत्रमागवाल्या अण्णांशी भांडायला निघाले. आमच्या या कारकून शेजाऱ्यांनी त्यांना अडवलं.

"थांबा की! आदी बघू तर द्या."

लाकडी चौकटीवर तांब्याच्या तारेचे वेढे देऊन त्यांनी घरीच एरियल बनवली होती. ती छोट्या रेडिओला जोडून, इकडेतिकडे वळवत, खरखर कुठून येते ते शोधत ते गल्लीभर फिरले. अण्णांच्या दाराशी खरखर मंद होती. सगळ्यात मोठी झाली ती कारकुनांच्या स्वतःच्याच दारात. आत त्यांची बायको शिवणयंत्रावर बसली होती.

मला वाटलं, आता हे गप्प बसतील.

"सापडलं!" ते आनंदानं ओरडले. "अण्णा, तुमचं काय न्हाय. ही मशीनची मोटर मीच बसवलीया!"

"मग माझं शिवण?" बायकोनं विचारलं.

त्यांनी मोटर काढली आणि ते हातानं यंत्राचं चाक फिरवायला बसले. ती शिवत राहिली. बाहेर सगळी गल्ली अण्णांच्या रेडिओवर सामना ऐकत होती.