हवा आत, नजर भाईर

आमच्या ड्रिलबाई टेप धरत नसत, माणसं उभी करत. उदगीरच्या आमच्या मुलींच्या शाळेत कबड्डीसाठी व्यायामशाळा बांधायचं ठरलं, तेव्हा त्यांनी मैदानावर फक्कीनं रेघा मारल्या आणि आम्हा आठवीच्या पोरींनाच भिंती करून टाकलं. "तू खांब. हलायचं न्हाई. तू दार, जरा सरक." पायात कॅनव्हासचे बूट, पदर कमरेला खोचलेला, गळ्यात शिट्टी. अशी बाई मी पुन्हा पाहिली नाही बघा.

व्यायामशाळेवाचून आमचं अडलंच होतं. मैदानाच्या कुंपणावर टारगट पोरं लटकायची. ते कानावर गेलं की कुणाचा तरी बाप पोरीला खेळातून काढायचा. माझ्या अण्णांनीही सांगून टाकलं, "पोरं बघायलीत. आडोसा झाला तर खेळ, न्हाई तर बास." माझा जीव टांगणीला. बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "हवा आत, नजर भाईर, असं बांधू. रडू नको, पळायला लाग."

साल दुष्काळाचं. जिल्हा नवा, लातूरच्या कचेऱ्यांत अजून खुर्च्या लागत होत्या. पाण्यावाचून वीटभट्ट्या बंद, म्हणून सिमेंटचे पोकळ ठोकळे आले. भिंत डोक्यावर गेली तसं बाईंनी हेडमास्तरांना बाहेर सायकलच्या कॅरिअरवर चढवलं. सर धोतर सावरत उभे, आम्ही दोघी सायकल धरून.

"काय दिसतंय, सर?"

"पोरींची डोकी दिसायलीत, बाई."

"मग अजून दोन थर."

इंजिनिअरसाहेब नकाशा दाखवून कुरकुरले, पण सरांची तऱ्हा बघून हसले आणि कबूल झाले. अगदी वरच्या थराचे ठोकळे आडवे लावून भोकांतून हवा घ्यायची, ही युक्ती मात्र साहेबांची.

आता वाढीव थरांना मारायला पाणी कुठलं? टँकर प्यायलाच पुरेना, आणि पाणी न मारलेलं सिमेंट भुसभुशीत होतं. बाईंनी भिंतीवर गोणपाटं टाकली आणि आमची डब्यांची पंगत भिंतीच्या कडेनं बसवली. जेवून हात धुवायचे ते घमेल्यात, आणि ते पाणी परांचीवर चढवून गोणपाटांवर ओतायचं. चूळ मात्र लांब जाऊन. भिंतीला शेंगदाण्याच्या चटणीचा वास यायचा. हसू नका, एक ठोकळा तडकला नाही.

छप्पर चढल्यावर अण्णा बाजाराच्या दिवशी शाळेवरून आले. भिंतीला सायकल लावून स्वतः कॅरिअरवर चढून बघितलं म्हणे. घरी येऊन चपला काढता काढता म्हणाले, "काय बी दिसत न्हाई. खेळ." मला इतका आनंद झाला की मी भाकरी तव्यावरच विसरले.

त्याच आठवड्यात बाईंची बदली आली, निलंग्याकडे. त्यांनी आधीच बजावलं होतं, निरोपासाठी डाव थांबवायचा नाही. त्या निघाल्या त्या दिवशी मी चढाईला गेले आणि बाहेर सायकल भिंतीला घासल्याचा आवाज आला. मग वरच्या भोकांतून बाईंचा आवाज, हसरा आणि रडवेला, "पोरींनो, मलाबी काहीच दिसत न्हाई गं."

मला ओ देता येईना, दम तुटला असता. मी नुसतं कबड्डी, कबड्डी म्हणत राहिले, त्यांना बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.