भरीव तांडेल

सुभाष प्रधानांनी मला फसवलं. मी घरत. पनवेलमध्ये जुन्या लाकडाचा धंदा करतो. पाडलेल्या घरांचे दरवाजे, चौकटी, तुळया घेतो आणि विकतो. हातगाडीवर सुरुवात केली, आज स्वतःची वखार आहे, आणि इतक्या वर्षांत मला व्यवहारात कोणी गुंडाळलेलं नाही. प्रधानांनी गुंडाळलं, तेही सव्वा इंचाच्या कामात. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातंय? फसलो मी आहे.

पहिल्यांदा वखारीत आले तेव्हा मला वाटलं, कुठला तरी इन्स्पेक्टर आला. उंच, काटकुळे, जाड चष्मा, आणि खिशात पेन असावं तिथे माप घ्यायचा व्हर्नियर. न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटकडे कारकुनी करून रिटायर झालेले. घर नवीन पनवेलला. एका सागवानी तुळईपाशी थांबले, नखाने खरवडली, नाक लावून वास घेतला.

"हिच्यातलं वीतभर द्याल?"

"तुळई वीतभर विकत नाहीत, काका. पडवळ आहे का?"

"मला लढाऊ बोट बांधायची आहे."

"वीतभर लाकडात?"

"छे, बोट हातभर आहे. वीतभर फक्त कण्याला."

तर बोट म्हणजे मराठा आरमारातली गुराब. दोन डोलकाठ्यांची, शिडांची, तोफांची. खऱ्या बोटीच्या बरोबर अठ्ठेचाळिसावा हिस्सा. आणि बोट अठ्ठेचाळिसावा हिस्सा झाल्यापासून प्रधानही तेवढेच झाले होते. मी चहा मागवला, तर कपात डोकावून म्हणाले, "आमचे खलाशी यात आंघोळ करतील." सांगाड्यावर मुंगी चढली की ओरडायचे, "अहो, मांजराएवढं जनावर चढलंय, उतरवा!" मी चिडलो की एकच वाक्य: "प्रमाणात या, शेठ, प्रमाणात." मी चिडायचो रोज, त्यामुळे हे वाक्य रोज ऐकायचो. आणि हा आरमारवाला माणूस मोरा बंदराच्या लाँचमध्ये पाय ठेवला की ओकायचा. सगळी नोकरी जहाजांच्या कागदांवर सह्या घेण्यात गेली, पण जहाजावर सही घ्यायला दुसऱ्याला पाठवायचे.

काम माझ्या वखारीतच चालायचं, कारण घरी करवतीचा भुसा प्रधानवहिनींच्या पोह्यांत पडला होता. मी बघत बसायचो. बोटीच्या तळात त्यांनी तांदळाची पोती रचली, पाण्याची पिंपं ठेवली, सुक्या बोंबलांच्या माळा टांगल्या. बोंबील कशाचे? तर जवळ्याच्या मिशांचे. आख्खा जवळा प्रमाणात बसेना, देवमासा वाटायचा.

"काका, यावर डेक बसणार ना? मग हे दिसणार कुणाला?"

"दिसायचा प्रश्न नाही. उपाशी पोटी पाठवू का त्यांना लढायला?"

असल्या माणसाशी सौदा करायचा म्हणजे काय, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

सौदा असा. आख्खी तुळई मी देतो, लागेल तेवढी कापा. बदल्यात त्या बोटीवर मी उभा राहणार. तांडेल म्हणून, खलाशांचा म्होरक्या, सुकाणूपाशी, मागच्या उंच डेकवर. बोट पुढे गावातल्या वाचनालयात काचेच्या पेटीत जाणार होती. पनवेलमधल्या निम्म्या स्टेजांना फळ्या माझ्या वखारीतून जातात. स्टेजवर मला आजवर कोणी बोलावलेलं नाही. सत्कार दुसऱ्याचा, हार दुसऱ्याला, आणि मी मागे उभा, फळी वाजतेय का बघत. एका ठिकाणी तरी घरत वर उभा असावा, पोराटोरांनी काचेला नाक लावून बघावं, एवढीच माझी मागणी.

"मंजूर," प्रधान म्हणाले आणि टेप काढून माझी उंची मोजली. "पाच फूट तीन. म्हणजे तुम्ही सव्वा इंच आणि वर किंचित."

"अर्धा इंच वाढवा."

"अर्धा इंच म्हणजे दोन फूट, शेठ! सव्वासात फुटी तांडेल? शत्रू तोफ न डागता पळून जाईल."

"पाव इंच."

"एक फूट."

"एक सूत तरी? इंचाचा आठवा हिस्सा!"

"सूत म्हणजे सहा इंच. तुमच्या आईवडिलांना जे जमलं नाही, ते मी का करू?"

मी उठलो, तुळईवर ताडपत्री टाकली. प्रधान ताडपत्रीकडे बघत राहिले, मग पडेल आवाजात म्हणाले, "फेट्यात घालतो सूत. तुम्हाला हात लावणार नाही."

जिंकलो. जिंकलो की माणसाने आणखी थोडं मागावं, या नियमावर माझा धंदा उभा आहे. म्हणून म्हणालो, बाकीचे खलाशी लाकडाचे असू देत, मी पितळेचा. आणि पोकळ नाही, भरीव. लाकूड मी रोज विकतो. स्वतः लाकडाचा कशाला होऊ? प्रधानांनी व्हर्नियर उघडला, मिटला. "जड व्हाल," म्हणाले. मी म्हणालो, "आहेच मी जड." एका मोडक्या दरवाजाची पितळी कडी त्यांच्या हातात ठेवली. ओतून, घासून त्यांनी मला केला. हुबेहूब. पोटसुद्धा प्रमाणात. फेटा रेशमी दोऱ्याचा, वेगळा बांधलेला, सूतभर उंच.

बोट पाण्यात घालून बघायचीच, हा त्यांचा हट्ट. "न तरंगणारी बोट म्हणजे पेटी." वखारीच्या हौदात घालायचं ठरलं. माझ्याकडे दामू कामाला आहे, उरणकडचा, मच्छीमारांच्या घरातला. तो नारळ घेऊन उभा. "नवी बोट हाय, नारळाबिगर पान्यात जानार नाय."

प्रधानांनी नारळ पाहिला आणि हबकले. "अहो, हा प्रमाणात दोन मजली होतो! सुपारी वाहा."

"दर्याला सुपारी? काका, दर्या हसंल आपल्याला."

"हा हौद आहे, दामू."

"आज दर्याच हाय तो."

शेवटी नारळही वाहिला आणि सुपारीही. बोट पाण्यात सोडली. काय दिसली! शिडं फुगलेली, तोफा बाहेर काढलेल्या. माझ्यासारख्या माणसाच्या अंगावर काटा आला. मग प्रधानांनी चिमट्याने मला उचललं आणि सुकाणूपाशी उभं केलं. बोटीची पुढची नाळ वर आली, मागची बाजू खाली गेली, आणि गुराब सावकाश कुशीवर निजली.

दामू हौदात हात घालून म्हणाला, "शेठ, तुमी चढलाव आन् बोट बसली."

त्याला मी त्या दिवशी लवकर घरी पाठवला.

प्रधान बोट पुसून घरी घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात मी नवीन पनवेलला गेलो, तर बोट पाण्याच्या टबात सरळ उभी, ताठ. डेक कायमचा चिकटवलेला. सुकाणूपाशी कोणी नाही.

"मी कुठे आहे?"

"तळात. जे वजन वर नको होतं, तेच खाली हवं होतं. मधोमध बसवलंय तुम्हाला, पोत्यांना टेकून."

"बसवलंय? मी उभा होतो!"

"पाय तापवून वाकवले. खाली जागा कमी आहे."

"आणि फेटा?"

त्यांनी मान खाली घातली. "काढून शेजारी ठेवलाय. छताला लागत होता."

म्हणजे सूतही गेलं. मी त्या घरात जे बोललो ते खालच्या मजल्यापर्यंत गेलं. प्रधान शांतपणे म्हणाले, "शेठ, तुमच्यामुळे उभी आहे ती." मी म्हणालो, "दिसतोय का मी कुणाला? शब्द वरचा होता. डेक उघडा." ते म्हणाले, उघडला तर बोट मोडेल. मी म्हणालो, मोडा. त्यांनी पहिल्यांदाच "प्रमाणात या" म्हटलं नाही. चष्मा काढून पुसत बसले. मी निघून आलो आणि पुन्हा गेलो नाही. पावसाळ्यात त्यांचं हृदय बंद पडलं. भांडण तसंच राहिलं.

मग वहिनींचा फोन आला. बोट वाचनालयात पोचवायची आहे, तुमचा टेम्पो मिळेल का, भावोजी? टेम्पो घेऊन मी स्वतः गेलो. वहिनी पुढे बसल्या, बोट मांडीवर. नवीन पनवेलहून जुन्या पनवेलला जायला खारघर लागत नाही, हे मला माहीत आहे. पण खारघरला एक एक्स-रेवाला डॉक्टर आहे, त्याच्या बंगल्याचा दरवाजा मी दिलेला. मला बघायचं होतं, मी खरंच आत आहे का. या माणसाने मला विकून तर नाही टाकलं? वहिनींना रस्त्यातच खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "चला. मलाही एकदा बघू दे, आत एवढं काय करत होते ते."

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "पेशंटचं नाव?"

"गुराब."

"वय?"

"तीनशेच्या आसपास."

तिने वर पाहिलंच नाही. "उपाशीपोटी आहेत का?"

"नाही हो," वहिनी म्हणाल्या, "तांदूळ आहे पोटात."

डॉक्टरांनी फिल्म दिव्यावर लावली. लाकूड धुरकट, खिळे टाचणीच्या टोकाएवढे. आणि मधोमध, पोत्यांना टेकून, पांढराशुभ्र मी. पोटासकट. माझ्या शेजारी आणखी एक. पितळेचाच. उंच, काटकुळा, गुडघे छातीशी घेऊन बसलेला, डोळ्यांवर तारेची दोन वेटोळी.

वहिनी दिव्याजवळ गेल्या. मग म्हणाल्या, "हेच आहेत. असेच बसायचे. आणि यांना बोट लागते हो, कशाला गेले आत?"

बोट आता वाचनालयात आहे. पोरं काचेला नाक लावतात आणि विचारतात, सुकाणूवर कोणी का नाही. ग्रंथपाल सांगतात, खलाशी पडला असेल. पडलेला नाही. मला माहीत आहे दोघे कुठे बसलेत ते, आणि एक्स-रेची फिल्म माझ्या गल्ल्यामागे टांगलेली आहे.

पण प्रधान, हिशेब मिटलेला नाही. कडी माझी होती. तिच्यातलं उरलेलं पितळ तुम्ही मला न विचारता वापरलंत. मला वरचा शब्द देऊन खाली बसवलंत, आणि मला एकट्याला बसवायला लाज वाटली तर ते तोंडाने सांगायचं सोडून स्वतः येऊन शेजारी बसलात, तेही डेक चिकटवून, मला भांडता येऊ नये म्हणून. त्या दिवशी घरात मी ओरडत होतो तेव्हा तुम्ही आत होतातच ना? मग गप्प का बसलात? मला उत्तर पाहिजे.